हाराखालचा पैलवान

मी, पद्माकर दगडूबा शेळके, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मगाव भिंगार, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर, हल्ली राहणार बेडोक, सिंगापूर, तुआसच्या गोदीतून निवृत्त झालेला इंजिनिअर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. वकिलाने पूर्वी इंग्रजीत करून दिलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यातलं निम्मं मलाच कळलेलं नव्हतं.

अशा लेखात आपण शुद्धीवर आहोत असं लिहायचं असतं. मी शुद्धीवर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पण मी हबकलेला आहे, हेही लिहून ठेवतो. माणूस एकाच वेळी शुद्धीवर आणि हबकलेला असू शकतो, हे मला गेल्या शनिवारी कळलं.

घाईचं कारण असं. आज सोमवार. पुढच्या आठवड्यात मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. आणि गुरुवारी, हनुमान जयंतीला, भिंगारला आमच्या जागेत माझ्या आजोबांच्या पुतळ्यावरचं कापड काढणार आहेत. त्या कापडाखाली माझे आजोबा नाहीत. तिथे एक जर्मन आहे. मी मंगळवारी परत आलो नाही, तर हे भिंगारला कोण सांगणार आणि कोणाच्या तोंडाने सांगणार, या विचाराने माझी झोप उडाली आहे. तेव्हा आधी नेहमीची कलमं उरकतो.

कलम पहिलं. बेडोकचा फ्लॅट माझा एकुलता एक मुलगा अमेय याला. अमेय, तुझा बुकित तिमाहला खासगी कॉन्डो आहे, त्यामुळे हा फ्लॅट ठेवता येतो की विकावा लागतो, ते सरकारी घरबांधणी मंडळाला, HDBला, विचार. मला विचारू नकोस, मी नसेन. विकलास तर स्वयंपाकघरातली फळी काढून ने. ती तुझ्या आईने, मेधाने, सुताराशी भांडून हवी तशी बसवून घेतली होती. कॉरिडॉरमधली कढीपत्त्याची कुंडी शेजारच्या मिसेस टॅन यांना द्यावी. त्या मेधाच्या हयातीपासून न विचारता पानं तोडतात. आता हक्काने तोडाव्यात, म्हणजे त्यांची मजा जाईल.

कलम दुसरं. CPF मधले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतले, पैसे मृत्युपत्राने कोणाला देता येत नाहीत, त्याचं नामनिर्देशन वेगळं केलेलं आहे. बँकेत जे उरेल ते अमेय आणि माझी नात इरा यांना निम्मं निम्मं. इराने तिच्या वाट्यातून काय करावं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अमेयचं असेल, पण त्याने ते गिळावं.

कलम तिसरं. माझी हत्यारं, म्हणजे पाने, वर्नियर, मायक्रोमीटर आणि डायल गेज, भिंगारला माझा पुतण्या प्रबोध याला. तो दूध डेअरीची यंत्रं दुरुस्त करतो. प्रबोध हा माझे थोरले बंधू रंगनाथ, म्हणजे अण्णा, यांचा मुलगा. अण्णा माझ्याशी बोलत नाही. मी अण्णाशी बोलत नाही. आमच्यात जे काही आलं-गेलं ते प्रबोधच्या फोनवरून. त्या बिचाऱ्याची अर्धी उमर आमची टपाल पेटी होण्यात गेली, म्हणून हत्यारं त्याला.

अबोल्याचं कारण नातीला ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितो. आमचं घराणं गवळ्याचं आणि पैलवानांचं. आजोबा गेनूबा पैलवान, त्यांच्या नावाची तालीम भिंगारला आजही आहे. वडील लवकर गेले आणि अण्णा विशीतच तालमीचा वस्ताद झाला. एकोणीसशे एकोणसत्तरच्या जत्रेत माझी मोठी कुस्ती लागली. समोरचा शेवगावचा, माझ्यापेक्षा वजनाने भारी. त्याने मला खाली घेतलं आणि वर बसला. खाली जाणं म्हणजे हरणं नव्हे, पाठ लागेपर्यंत कुस्ती चालू असते, हे आखाड्याच्या कडेला चणे खाणाऱ्यालाही माहीत असतं. माझ्या कमरेला त्याच्या हाताचा विळखा होता आणि मी त्याचं मनगट पकडून ठेवलं होतं. मी फक्त त्याने पुढे झुकावं याची वाट बघत होतो.

तेवढ्यात अण्णा आखाड्यात उतरला. त्याने पंचांना हात करून कुस्ती सोडवली, मला दंडाला धरून उठवलं आणि साऱ्या जत्रेसमोर ओरडला, "शेळक्यांच्या घरात आजवर कोणी खाली गेल्यालं नाही! फोटो बघ जा आजोबांचा! लंगोट सोड आन् घरी जा." मी लंगोट सोडला. घरी गेलो, तिथून पुण्याला डिप्लोमाला, मग मुंबईच्या गोदीत आणि मग इकडे. अण्णाचं ते वाक्य प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी पोचलेलं असायचं. बढती हुकली की ते ऐकू यायचं, साहेबापुढे मान खाली घातली की ऐकू यायचं. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. वाचणाऱ्याला पुढचं समजावं म्हणून लिहितो.

कलम चौथं. दिवाणखान्यातला फोटो. या कलमात मला फक्त ‘अमुक फोटो तमक्याला’ एवढंच लिहायचं होतं.

हा फोटो आम्ही गेनूबा पैलवानाचा म्हणून पुजतो. मूळ फोटो तालमीत आहे. माझ्याकडे आहे ती आईने निघताना करून दिलेली नक्कल. फोटोत एक धिप्पाड गडी दिसतो, अंगभर माती, केस बारीक कापलेले, मिशांना पीळ, आणि तो वर बसलेला आहे. आमची आजी मीराबाई रोज त्याला हार घालायची. हार कसा घालायचा याचीही तिची रीत होती. फुलांचा भरीव भाग खालच्या बाजूला आला पाहिजे, निम्मा फोटो झाकला पाहिजे. आईने तेच केलं, मेधाने तेच केलं, मीही सेरंगून रोडवरून मोगऱ्याचा हार आणून तेच करत आलो. गेनूबा एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या साथीत गेले तेव्हा माझे वडील रांगत होते. म्हणजे घरात आजीखेरीज कोणीही गेनूबांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

पाडवा गुरुवारी झाला, पण हरी राया पुआसाची, म्हणजे इथल्या ईदची, सुट्टी शनिवारी होती, म्हणून पाडव्याचं जेवण शनिवारी केलं. अमेयने त्याच्या ऑफिसातल्या एका जर्मन मुलीला बोलावलं होतं. लेना तिचं नाव. चांगली पोरगी, श्रीखंड दोनदा मागून घेतलं. हात धुऊन आली आणि फोटोसमोर थबकली. बराच वेळ बघत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, "अंकल, माझ्या पणजोबांना तुम्ही फुलं का घातलीत?"

मला वाटलं थट्टा करते आहे. अमेय हसला आणि तिला म्हणाला, "अगं, ते आमचे पणजोबा."

ती हसली नाही. तिने फोन काढला आणि तिच्या चुलत भावाच्या लग्नाचा फोटो दाखवला. त्यांच्या गावातल्या कुस्ती क्लबच्या हॉलमध्ये माणसं नाचताहेत आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, लाकडी चौकटीत, आमचे गेनूबा. त्याच मिशा, तीच माती. फक्त हार नव्हता. आणि हार नव्हता म्हणून त्या फोटोत खाली आणखी एक माणूस दिसत होता.

मी खुर्चीवर चढलो. अमेय ओरडला, "बाबा, हार्ट!" मी ऐकलं नाही. हार काढला. जन्मभर ज्या काचेला नमस्कार केला तिच्या खालच्या भागावर मी कधी नजर टाकली नव्हती. तिथे एक काटक माणूस गुडघे आणि कोपर टेकून होता, चेहरा अर्धा मातीकडे वळलेला. त्याने डाव्या हाताने वरच्या माणसाचं मनगट पकडलं होतं आणि त्या हाताला करंगळी नव्हती.

गेनूबांची डावी करंगळी कडबा कापताना गेली होती. ही गोष्ट वडिलांनी आम्हाला कडब्याला हात लावू न देण्यासाठी इतक्यांदा सांगितली होती, की ती मला माझ्या जन्मतारखेइतकी पाठ आहे. मी खुर्चीवरून खाली कसा उतरलो ते आठवत नाही. माझा आजोबा शंभर वर्षं त्या हाराखाली होता आणि आम्ही त्याच्या अंगावर बसलेल्या माणसाला उदबत्ती ओवाळत होतो!

इरा माझ्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघत होती. ती म्हणाली, "आजोबा, ऑल धिस टाइम यू प्रे टू द राँग फेलो, इज इट?"

तिच्या आईने, अवनीने, तिच्यावर डोळे वटारले. पण दुसऱ्या कोणाला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

हा फोटो मी अण्णाला देतो. त्यावर हार घालू नये.

कलम पाचवं. देवघरातलं पदक. हळदीकुंकवाने त्यावरची अक्षरं बुजली आहेत, पानांची एक वेल तेवढी दिसते. ते गोऱ्या साहेबाने गेनूबांना बक्षीस दिलं, असं आम्ही समजत होतो. आईने मी देश सोडताना ते माझ्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, "अण्णाला तालीम मिळाली, तुला एवढं असू दे." आता हे पदक खरं कोणाचं ते लिहितो. लेनाने तिच्या आजीला जर्मनीत फोन लावून एकेक विचारलं आणि मला सांगितलं. मी ते इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ज्या माणसाला मी जन्मभर वाकून नमस्कार केला त्याची निदान ओळख तरी असावी.

त्याचं नाव आल्बर्ट रीडमायर. ऱ्हाइन नदीच्या काठच्या एका लहान गावात पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा. दिवसभर बियरची पिंपं ठोकायची आणि संध्याकाळी गुत्त्याच्या मागच्या खोलीत भुशाच्या गादीवर कुस्ती. त्यांच्या कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही, पायाने अडवायचं नाही. एकोणीसशे सहा साली तो हौशी पैलवानांमध्ये अख्ख्या जर्मनीचा विजेता झाला आणि हे पदक त्याला मिळालं. मग सर्कसवाले मागे लागले. एकदा पैसे घेऊन लढला की तो हौशी राहत नाही, क्लबच्या गादीवर त्याला पुन्हा पाय ठेवता येत नाही, असा त्यांच्यात नियम होता. रीडमायरने पैसे घेतले नाहीत. पुढे बापाचा पिंपांचा धंदा बसला, तरीही घेतले नाहीत. तो जहाजावर फिटर म्हणून लागला.

जहाजाबरोबर तो सिंगापूरला आला. तांजोंग पगारच्या गोदीत दोन वर्षं बॉयलर दुरुस्त करत होता. मी इथे येऊन जे केलं, तेच त्याने केलं होतं, माझ्या आधी साठ वर्षं, त्याच समुद्राच्या काठावर. इथून तो मुंबईला गेला आणि तिथे असताना पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रजांनी मुंबईतले जर्मन उचलून नगरच्या छावणीत कोंडले. भिंगार त्या छावणीला लागूनच आहे आणि छावणीला दूध घालायचे गेनूबा शेळके.

गेनूबांनी तारेच्या आत एक गोरा जोर काढताना पाहिला. त्याची पद्धत बघून त्यांना हसू आलं असावं. त्यांनी दुधाची कासंडी खाली ठेवली आणि शड्डू ठोकला. तो आवाज कुठल्याही भाषेतल्या पैलवानाला कळतो. छावणीच्या अधिकाऱ्यालाही करमणूक हवीच होती, त्याने परवानगी दिली. गेनूबांनी आत कुस्तीचा हौद खणला, मातीत ताक, तेल आणि हळद घालून ती मळली. दोघे दर रविवारी खेळायचे. रीडमायर कित्येक महिने जिंकत होता आणि एका रविवारी हरला. एका कैद्याकडे कॅमेरा होता, त्याने नेमका त्या रविवारी फोटो काढला, पण घाईने काढला. फोटोत रीडमायर वर आहे. पुढच्या घटकेला गेनूबांनी त्याचं मनगट अडकवून त्याला आपल्या अंगावरून लोळवलं आणि त्याची पाठ मातीला लावली.

मी लेनाला विचारलं, "तुला हे कसं माहीत? फोटोत तर तो वर आहे."

ती म्हणाली, "तो फोटो आमच्या क्लबमध्ये त्यासाठीच लावलाय, अंकल. तो त्याच्या हरण्याचा फोटो आहे. तो घरी परत आला आणि मरेपर्यंत मुलांना शिकवत होता. खालून मनगट धरून लोळवायचं, हे तो सगळ्यांत आधी शिकवायचा. आमच्याकडे त्या डावाला आजही ‘दूधवाला’ म्हणतात. मीसुद्धा सहा वर्षांची असताना तो शिकले. पदकाचं म्हणाल तर गावातले म्हणायचे की ते चोरीला गेलं. तो म्हणायचा, दिलं."

त्यांनी तो हरण्याचा फोटो म्हणून लावला आणि आम्ही तोच जिंकण्याचा म्हणून. ते त्यांच्या माणसाचं नाव अभिमानाने सांगत राहिले. आम्ही आमच्या माणसाला फुलांनी झाकलं, तेही तो जिंकलेला असताना!

रीडमायरचा शेवट एकोणीसशे अडतीसचा, न्यूमोनियाने. गेनूबा मात्र तो छावणीत असतानाच गेले. नवरा गेल्यावर मीराबाई स्वतः दूध घेऊन छावणीच्या फाटकावर गेली, तेव्हा रीडमायरने तिथे तिला हा फोटो दिला आणि तो रडला, एवढं लेनाच्या आजीला ठाऊक आहे.

मी पदक लेनाच्या पुढे ठेवलं. तिने ते हातात घेतलं, कपाळाला लावलं, आम्ही लावतो तसंच, आणि परत दिलं. म्हणाली, "त्याने दिलेलं मी कशी घेऊ?" म्हणून पदक इराला.

कलम सहावं. भिंगारची गोठ्याची जागा. उताऱ्यावर अण्णाचं आणि माझं अशी दोन नावं आहेत. तालमीच्या शताब्दीचा पुतळा याच जागेत उभा केला आहे. प्रबोधने पुतळ्याचा फोटो पाठवला होता, कापड घालण्याआधीचा. मिशा हुबेहूब आल्या आहेत. सोमवारी मी या ठिकाणी पुढील मजकूर लिहिला होता:

‘माझा निम्मा हिस्सा मी तालमीला देतो, मात्र पुतळा हलवला तरच. न हलवल्यास हिस्सा विकावा आणि त्यावर म्हशींचा गोठा झाला तरी चालेल. अण्णाला कळू दे, की त्याने ज्याच्या नावाने मला आखाड्यातून उठवलं, तो आमच्या घरातलाही नव्हता.’

हा मजकूर मी खोडला आहे. खोडलेलं वाचता यावं असं खोडलं आहे. साक्षीदारांनी खाडाखोडीच्या शेजारी सही केली आहे.

कलम सातवं. खोडण्याचं कारण. गुरुवारी सकाळी मी प्रबोधला फोन केला आणि म्हणालो, फोन अण्णाच्या हातात दे. प्रबोध घाबरला, त्याला वाटलं माझं काही बरंवाईट झालं. सत्तावन्न वर्षांनी अण्णाचा आवाज ऐकला. म्हातारा झाला आहे, पण बोलण्याची तऱ्हा तीच.

"कोण?"

"अण्णा, मी पद्मा."

"हां. बोल."

मी बोललो. वरचा जर्मन आहे, खालचे आजोबा आहेत, करंगळी बघ, असं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मला ठावं हाय."

मी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"म्हातारी मरताना मला जवळ बोलवून म्हनली, ‘रंगा, खाली हाय ते तुजं आजोबं. हार नीट घालीत जा. लोकांला दिसायला नको.’ मी तवा सतरा वर्साचा. कुनाला सांगनार? तुला? तू तर बारका. तालमीचं नाव त्यांच्यावर, जत्रंत फोटोची मिरवनूक, आन् आजोबा खाली पडल्यालं! उभ्या जन्मात मी कुनापाशी बोललो न्हाई पद्मा. पुतळ्याच्या टायमाला पन मूर्तीवाल्याला हार घातल्यालाच फोटो दिला."

म्हणजे त्याला माहीत होतं. मला जत्रेत उठवताना माहीत होतं! ‘घरात कोणी खाली गेलेलं नाही’ हे ओरडताना त्याच्या डोळ्यांपुढे खाली गेलेला आजोबाच होता. मला त्या क्षणी फोन समुद्रात फेकून द्यावासा वाटला. मी विचारलं, "मग मला का उठवलंस रं? मी मनगट धरलं होतं."

"दिसलं होतं मला. पन तू तसा खाली दिसलास आन् मला त्यो फोटोच दिसला. मला वाटलं, आता हार कुटून आनू?"

अण्णा रडत होता. ब्याऐंशी वर्षांचा वस्ताद, फोनवर, प्रबोधच्या समोर. मी त्याला म्हणालो, "अण्णा, ऐक. आजोबा पडले नाहीत. पुढच्या घटकेला त्यांनी त्याला चीत केलं. त्याच्या गावात लहान पोरं तो डाव शिकतात. त्याला ‘दूधवाला’ म्हणतात. पदक त्याचं आहे, त्याने हरल्यावर दिलं."

मग तो म्हणाला, "खरं सांगतूस? माजं मन राखायला तर बोलत न्हाईस?"

"तुझं मन राखण्याइतका मी चांगला नाही."

"मग दाखीव," अण्णा म्हणाला. "बोलून काय उपेग. फोटोनं शंबर वर्सं येकच दावलं. तू फुडचं दाखीव."

सोमवारचा मजकूर मी त्यानंतर खोडला. गोठ्याच्या जागेतला माझा हिस्सा विनाअट तालमीला.

कलम आठवं. हे कलम मालमत्तेचं नाही, पण मृत्युपत्रात असायलाच हवं असं मला वाटतं. काल, शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर लेना आली. आम्ही दिवाणखान्यातलं टेबल सरकवलं आणि गाद्या अंथरल्या. इरा म्हणाली, "आय डू, आय डू. यू डोन्ट इव्हन थिंक अबाउट इट, आजोबा, यू गॉट हार्ट लाह." माझ्या मनात खरंच आलं होतं, हे तिने कसं ओळखलं कोण जाणे.

इरा गुडघे आणि कोपरं टेकून खाली बसली. मी तिची डावी करंगळी आत दुमडली. लेना वर बसली, फोटोतल्यासारखी. तिने इराच्या कमरेला विळखा घातला. मी इराला मनगट कसं धरायचं ते दाखवलं, अंगठा कुठे, कोपर किती आवळायचं. लेना म्हणाली, "येस, येस, एक्झॅक्टली." दोन गावांत शंभर वर्षं एकमेकांची खबर नसताना तो डाव तसाच राहिला होता, अंगठ्यासकट.

अमेय फोटो घ्यायला उभा राहिला. मी त्याला म्हणालो, "फोटो नको. व्हिडिओ घे."

मग मी इराला म्हणालो, "वाट बघ. घाई करू नकोस. तिला पुढे झुकू दे." लेना झुकली. इराने कूस बदलली आणि लेना तिच्या अंगावरून जाऊन धपकन गादीवर पाठीवर पडली, दोन्ही खांदे टेकून. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकली. त्यांची मी क्षमा मागतो. लेना पडल्या पडल्या हसत होती. मी मात्र हसू शकलो नाही. मी जत्रेत ज्याची वाट बघत होतो ते मला प्रथमच डोळ्यांनी दिसलं होतं.

व्हिडिओ प्रबोधला पाठवला.

कलम नववं. आज सकाळी अण्णाचा निरोप आला, त्याच्याच आवाजात. तो जसाच्या तसा लिहितो:

"पद्मा, बघितला. धा येळा बघितला. तालमीतल्या समद्या पोरांना दावला. हार काढलाय फोटोवरचा. गुरुवारचा कार्येक्रम रद्द, मूर्तीवाल्याला निरोप धाडलाय. खालचा मानूस घडवायचाय, मग कापड काढू. वरच्यालाबी ऱ्हाऊ दे, पावना हाय. पन मूर्तीवाल्याला हात कसा धरायचा ते कोन दाखवनार? मला गुडग्यावर बसता येत न्हाई. तू ये. आन् पद्मा, तुजी शेवगाववाल्यासंगटची कुस्ती मी मधीच सोडवली. ती म्या आज निकाली धरली. तू जिंकलास."

यावर माझी इच्छा अशी. मी मंगळवारनंतर बरा झालो, तर मीच भिंगारला जाईन. न झालो, तर इराने जावं, मूर्तिकारासमोर करंगळी दुमडून खाली बसावं, आणि चुकत असेल तिथे अण्णाने तिला दटावावं. तिला मराठी कमी येतं, अण्णाला इंग्रजी येत नाही. त्याने शड्डू ठोकून सांगावं. कापड काढण्याच्या दिवशी लेनाला बोलवावं. पुतळ्याला हार घालायचा असेल तर तो गळ्यात घालावा, कोणी झाकलं जाणार नाही असा.

माझी मालमत्ता वर लिहिल्याप्रमाणे वाटून झाली. तीत आज सकाळी एका कुस्तीची भर पडली आहे. ती मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर येईल.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अमेयने करावी. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि मी अजूनही हबकलेलाच आहे.

सही: पद्माकर दगडूबा शेळके

आम्ही खाली सही करणार, या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळत नाही. पद्माकरकाकांनी आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. सही करताना त्यांनी डाव्या हाताची करंगळी दुमडून कागद धरला होता.

साक्षीदार पहिला: धम्मानंद गायकवाड, संशोधक, बेडोक

साक्षीदार दुसरी: अरुणा देवस्थळी, शिक्षिका, बेडोक

ठिकाण: बेडोक, सिंगापूर

दिनांक: २८ मार्च २०२६